अटक झालीय, पण कामावर जायला हरकत नाही

वर्तमानपत्रांत एक शब्द अधूनमधून भेटतो: काफ्काएस्क. कोणाचं पेन्शन नावातल्या एका वेलांटीवरून अडलं, जिवंत माणूस कागदोपत्री मयत ठरला, कोणी वर्षभर कोठडीत राहूनही खटला उभा राहिला नाही, की लेखात हा शब्द येतो. वाचणारा अंदाजानं अर्थ लावून घेतो: लाल फितीचा कारभार, सरकारी छळ. अंदाज चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. जो अर्धा निसटतो त्यासाठी हा लेख लिहितोय.

शब्द आला फ्रान्झ काफ्का या लेखकाच्या नावावरून, आणि त्यामागे सगळ्यात मोठा हात आहे त्याच्या ‘डेर प्रोत्सेस’ या जर्मन कादंबरीचा. ती १९२५ साली छापली गेली, म्हणजे नुकतीच तिनं शंभरी ओलांडली. जर्मनमध्ये ‘प्रोत्सेस’ म्हणजे खटला, आणि ‘प्रोत्सेस’ म्हणजेच प्रक्रिया. मराठीत हे दोन वेगळे शब्द असल्यामुळे एक हाती धरला की दुसरा सुटतो. मी पुढे तिला ‘खटला’ म्हणणार आहे, पण ‘प्रक्रिया’ हा शब्दही मनात शेजारीच ठेवा. शेवटी तोच जास्त उपयोगी पडेल.

आधी गोष्ट

योझेफ के. हा एका मोठ्या बँकेतला वरच्या हुद्द्याचा, सहीचे अधिकार असलेला अधिकारी. एकटा, भाड्याच्या खोलीत राहणारा, वेळेचा पक्का. त्याच्या तिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी आठच्या सुमारास रोजची न्याहारी येत नाही. समोरच्या घराच्या खिडकीतून एक म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघत असते. तो घंटी वाजवतो, तर खोलीत एक अनोळखी माणूस येतो आणि कळतं की के.ला अटक झाली आहे. का, ते कोणी सांगत नाही. आलेल्या शिपायांना ते माहीतही नसतं.

या प्रसंगात एक बारीक जागा आहे. गोंधळलेला के. टेबलाचे खण उपसून आपली ओळख पटवणारे कागद शोधू लागतो. सगळे कागद नीट लावलेले, पण घाईत नेमके तेच सापडत नाहीत. हाताला लागतो तो सायकलचा परवाना. तो घेऊन तो शिपायांकडे निघतोही, मग त्याला वाटतं, हे फारच किरकोळ दिसेल. पुन्हा शोधाशोध, आणि शेवटी जन्माचा दाखला. तोवर शिपाई त्याचीच न्याहारी खात बसलेले असतात. कागदांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. आपल्याच घरात, रात्रीच्या कपड्यांत, आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला धडपडणारा माणूस पहिल्या पाच-सहा पानांतच आपल्यासमोर उभा राहतो.

मग निरीक्षक येतो आणि सांगतो: तुम्हाला अटक झाली आहे हे खरं, पण त्यामुळे तुमच्या नोकरीत अडथळा यायला नको. तुम्ही बँकेत जाऊ शकता. आणि के. बँकेत जातो.

पुढचं वर्षभर तो चौकशा, वकील, ओळखीपाळखी आणि शिफारशी यांच्यामागे फिरतो. एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी उंच टोप्या घातलेले दोन माणसं त्याला गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत नेतात आणि सुरीनं मारतात. आरोप काय होता हे त्यालाही कळत नाही, आपल्यालाही नाही. शेवट सांगून टाकला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. या कादंबरीत उत्कंठा शेवटाची नाही.

कोठडीशिवाय अटक म्हणजे काय

अटक झाली आणि कामावर जा, हे ऐकायला विचित्र वाटतं. नोकरदार माणसाला मात्र ते समजायला हवं. माझ्या मामांचं उदाहरण देतो. ते एका सरकारी कार्यालयात भांडारपाल होते. एकदा साठा नोंदवहीत मेळ बसला नाही, म्हणून ‘कारणे दाखवा’ नोटीस आली आणि पाठोपाठ विभागीय चौकशी लागली. विभागीय चौकशी म्हणजे खात्यानं आपल्याच कर्मचाऱ्याची केलेली चौकशी. यात पोलीस नसतात, कोर्ट नसतं. मामांना निलंबितही केलं नव्हतं. रोज पावणेदहाला ते कार्यालयात असत, पगार चालू होता.

पण सहा वर्षं ते मोकळे नव्हते. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून ती दुधाच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवायची. रात्री उठून जुन्या तारखा जुळवायच्या. आज साहेबांनी मान हलवली की नाही, शिपायाचा आवाज वेगळा लागला का, जेवणाच्या सुट्टीत कोण उठून दुसऱ्या टेबलावर गेलं, याचा हिशेब ते घरी येऊन मांडत. ‘फाइल वर गेलीय’ एवढ्या एका वाक्यावर महिनाभर झोप उडायची. मामी म्हणायची, “चौकशी तिकडं होती, पण मांडलेली होती आमच्या घरात.”

मामांना निदान आरोप माहीत होता. के.ला तोही नाही. पण अटकेची जात तीच. बेडी नाही, गज नाहीत, कोणी पाळतीवर नाही. माणूस आपणहून रोज तिच्यापाशी हजेरी लावतो. काफ्कानं हे १९१४ साली लिहिलं, आणि माझ्या मते या कादंबरीची खरी ओळख इथे आहे: सत्ता माणसाला धरून ठेवते, त्यापेक्षा माणूस सत्तेला धरून राहतो, ते कसं घडतं याचं इतकं बारीक वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पोटमाळ्यावरचं कोर्ट

कादंबरीतलं कोर्ट संगमरवरी खांबांच्या इमारतीत नाही. ते गरीब वस्तीतल्या चाळवजा घरांच्या पोटमाळ्यावर भरतं, जिथे भाडेकरू आपला मोडका पसारा टाकतात. हवा इतकी कोंदट की के.ला चक्कर येते आणि दोन कर्मचारी त्याला धरून दारापर्यंत आणतात. दार उघडल्यावर बाहेरची ताजी हवा आत येते, तर आता त्या दोघांनाच ती सोसवत नाही. के.नं पटकन दार लावलं नसतं तर त्यातली मुलगी पडलीच असती. कार्यालयात जन्म काढलेल्या माणसाची आणि बाहेरून आलेल्याची हवाच वेगळी असते, हे सांगायला काफ्काला एवढा एक प्रसंग पुरला.

या कोर्टाचा कायदा कोणाला वाचायला मिळत नाही. न्यायाधीशाच्या टेबलावरची पुस्तकं के. उघडून पाहतो, तर आत अश्लील चित्र आणि एक बाजारू कादंबरी. वकील असतो, पण त्याला रीतसर मान्यता नाही, नुसतं चालवून घेतात. तो मेहनतीनं पहिला अर्ज लिहितो आणि स्वतःच सांगतो की पहिला अर्ज बहुधा कोणी वाचत नाही, तो फाइलला लावून ठेवतात. खालच्या अधिकाऱ्याला वरचं काही माहीत नसतं. त्याच्या टेबलावर प्रकरण कुठून आलं आणि पुढे कुठे जाणार, हे त्यालाही कळत नाही. त्यामुळे ज्याच्याशी भांडावं असा माणूसच सापडत नाही. ज्यानं सरकारी कचेरीत ‘हे माझ्याकडे नाही, तिकडे विचारा’ ऐकलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

मग भेटतो तितोरेली नावाचा चित्रकार. न्यायाधीशांची चित्रं काढून काढून त्याला आतली माहिती झालेली. तो सुटकेचे तीन प्रकार सांगतो. पहिला, खरी निर्दोष सुटका. ती कोणाला मिळाल्याचं त्यानं कधी पाहिलेलं नाही, फक्त जुन्या दंतकथांत ऐकलंय. दुसरा, दिसायला सुटका: खालचे न्यायाधीश सही करून तुम्हाला मोकळं करतात, पण फाइल बंद होत नाही. ती कचेऱ्यांमधून वरखाली फिरत राहते, आणि एखाद्या दिवशी कोणीतरी ती उघडून पुन्हा अटकेचा हुकूम काढतो. सुटून घरी पोचावं तर दारात न्यायला माणसं उभी, असंही होऊ शकतं. तिसरा, प्रकरण रेंगाळत ठेवणं: खटला कायम पहिल्याच पायरीवर राहील अशी काळजी घ्यायची, त्यासाठी न्यायाधीशांच्या संपर्कात राहायचं, थोड्याथोड्या दिवसांनी हजर व्हायचं. या दोन्हींत शिक्षा होत नाही, असं चित्रकार म्हणतो. त्यावर के. हळू आवाजात म्हणतो, पण खरी सुटकाही होत नाही.

सुटकेचे मार्ग म्हणून जे सांगितले जातात तेच अडकून राहण्याचे मार्ग आहेत. ब्लॉक नावाच्या व्यापाऱ्याकडे पाहिलं की याचं टोक दिसतं. त्याचा खटला साडेपाच वर्षं चाललाय. मुख्य वकिलाच्या नकळत त्यानं आणखी पाच छोटे वकील धरलेत, धंदा बसलाय, आणि वकील कधी बोलावेल सांगता येत नाही म्हणून तो वकिलाच्याच घरी मोलकरणीच्या खोलीत झोपतो. बोलावल्यावर पलंगाजवळ गुडघे टेकतो. आशील नव्हे, तो वकिलाचा कुत्रा झालाय, असं के.ला वाटतं. मरताना के.च्या तोंडून निघणारे शब्दही ‘कुत्र्यासारखं!’ हेच आहेत.

वेळ कोणी ठरवली?

आता मुख्य मुद्दा. चौकशीला बोलावताना के.ला फोनवर रविवार आणि पत्ता सांगतात, वेळ सांगत नाहीत. तो स्वतःच ठरवतो की नऊला जावं, कारण इतर दिवशी कोर्टं त्या वेळी सुरू होतात. तिथे पोचल्यावर खोली कुठली ते माहीत नाही. विचारायची लाज वाटते, म्हणून तो एक सुतार कल्पनेनं तयार करतो, लांत्स नावाचा, आणि दारोदार विचारत जातो: इथे लांत्स सुतार राहतात का? पाचव्या मजल्यावर एक बाई टबात मुलांचे कपडे धूत असते. तिलाही तो तेच विचारतो. ती ओल्या हातानं आतलं दार दाखवते: या, आत जा. आत कोर्ट भरलेलं. घड्याळात दहा वाजलेले. न्यायाधीश म्हणतो, तुम्ही एक तास पाच मिनिटांपूर्वी यायला हवं होतं.

पुन्हा वाचा. वेळ के.नं ठरवली होती, आणि उशीर झाला तो त्याच वेळेच्या हिशेबानं. सुतार त्यानं रचला होता, आणि दार उघडलं ते त्याच सुताराच्या नावानं. कोर्टानं स्वतःहून काहीच केलं नाही, के. जे घेऊन आला ते त्यानं स्वीकारलं. पुढच्या रविवारी तर त्याला कोणी बोलावलेलंही नसतं. तरी तो जातो, आणि दालन रिकामं असतं.

शेवटच्या प्रकरणातही हेच. ते दोन माणसं येणार असं कोणी कळवलेलं नाही, तरी के. काळे कपडे घालून दाराशी खुर्चीत बसलेला असतो, नवे हातमोजे बोटांवर चढवत. खाणीकडे जाताना वाटेत एक पोलीस या तिघांकडे संशयानं येऊ लागतो. सुटकेची ही एक फट. के. काय करतो? तोच त्या दोघांना जोरानं पुढे ओढतो आणि पोलिसापासून लांब पळतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून परत मागे गेलो होतो, माझी काही चूक तर होत नाही ना, हे बघायला.

कादंबरीत तुरुंगातल्या कैद्यांचा एक पाद्री आहे. तो के.ला चर्चमध्ये सांगतो की कोर्टाला तुझ्याकडून काही नको आहे. तू आलास की ते तुला आत घेतं, गेलास की जाऊ देतं. हे वाक्य काफ्काएस्क या शब्दाच्या नेहमीच्या अर्थात बसत नाही. तिथे सत्ता अजगरासारखी, माणूस सशासारखा. इथे मात्र दार दोन्ही बाजूंनी उघडं आहे.

दारातला पहारेकरी

तोच पाद्री के.ला एक गोष्ट सांगतो. काफ्कानं स्वतःच्या हयातीत या कादंबरीतला एवढाच तुकडा छापला, १९१५ साली, एका ज्यू साप्ताहिकात.

गावाकडचा एक माणूस कायद्याच्या दाराशी येतो. दार उघडं आहे, पण पुढे पहारेकरी उभा. केसाळ कोट, टोकदार नाक, लांब काळी दाढी. तो म्हणतो, आत्ता आत सोडता येणार नाही. नंतर? शक्य आहे, पण आत्ता नाही. हवं तर माझं न ऐकता जाऊन बघ, पण आत आणखी पहारेकरी आहेत, एकापेक्षा एक बलवान. तो माणूस विचार करतो आणि थांबायचं ठरवतो. पहारेकरी त्याला बसायला स्टूल देतो. त्यावर तो दिवस, महिने, वर्षं काढतो. बरोबर आणलेलं सगळं लाच म्हणून देऊन टाकतो. पहारेकरी ते घेतो आणि सांगतो: काही करायचं राहिलं असं तुला वाटू नये, एवढ्यासाठीच घेतोय. वर्षानुवर्षं निरखून त्या माणसाला पहारेकऱ्याच्या कॉलरमधल्या पिसवासुद्धा ओळखीच्या होतात, आणि तो त्यांनाही गळ घालतो की साहेबांचं मन वळवा. शेवटी नजर मंदावते तेव्हा दारातून येणारा उजेड त्याला दिसतो. मरता मरता तो विचारतो: सगळ्यांनाच कायद्यापर्यंत पोचायचं असतं, मग इतक्या वर्षांत दुसरं कोणी इथे कसं आलं नाही? पहारेकरी त्याच्या कानाशी ओरडून सांगतो: दुसऱ्या कोणाला इथून प्रवेश नव्हताच. हे दार फक्त तुझ्यासाठी होतं. आता मी ते लावून घेतो.

गोष्ट ऐकताच के. म्हणतो, पहारेकऱ्यानं त्याला फसवलं. पाद्री घाई करू देत नाही. बघ, पहारेकऱ्यानं आपलं काम केलं, खोटं बोलला नाही. उलट तोच जास्त बांधलेला आहे: तो जागा सोडू शकत नाही, गावाकडचा माणूस मात्र कधीही उठून जाऊ शकला असता. तो आपल्या मर्जीनं आला होता आणि मर्जीनं बसला होता. चर्चा लांबत जाते, आणि शेवटी पाद्री म्हणतो की सगळं खरं मानायची गरज नाही, फक्त आवश्यक आहे असं मानायचं. यावर के. जे बोलतो ते मला सगळ्या कादंबरीत महत्त्वाचं वाटतं: मग खोटेपणा हीच जगाची व्यवस्था झाली. त्याला हे दिसतं. दिसूनही तो तसाच पुढे जातो.

कादंबरीला तत्त्वज्ञानात्मक म्हणतात ते अशा जागांमुळे. यात व्याख्यानं नाहीत. प्रश्न असा आहे: आज्ञा मोडता येत होती, मनाईही फक्त तोंडी होती, तर आयुष्यभर स्टुलावर बसवलं कोणी?

मग दोष के.चाच का?

हा आक्षेप रास्त आहे. सत्तेखाली चिरडलेल्या माणसालाच ‘तू गेलास कशाला’ म्हणणं क्रूर ठरेल. काफ्का तसं म्हणत नाही. कोर्ट भ्रष्ट आहे, दोन शिपायांना बँकेच्याच अडगळीच्या खोलीत चाबकानं फोडून काढलं जातं, शेवटी खून होतो. हे सगळं तो स्पष्ट लिहितो. त्या फटक्यांच्या प्रसंगात तर के.च्याच तक्रारीमुळे शिपायांवर ही वेळ आलेली असते. तो दार लावून घेतो. दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर तोच प्रसंग तसाच चाललेला.

हाना आरेंट या विचारवंत बाईंनी १९४४ साली काफ्कावर लिहिताना याच बाजूवर बोट ठेवलं: के. हळूहळू ‘असंच असतं, दुसरा इलाज नाही’ हे मान्य करत जातो, आणि ते मान्य करणं हाच त्याचा पराभव. काही अभ्यासक उलट बाजूनं के.च्या गर्विष्ठपणाकडे, बायकांना वापरून घेण्याच्या सवयीकडे बोट दाखवतात. मला दोन्ही पटतं, पण त्यातून खटला न्याय्य ठरत नाही. के. फार चांगला माणूस नाही. पण चांगला नसणं हा गुन्हा नव्हे, आणि गुन्हा काय ते न सांगता केलेली शिक्षा ही शिक्षा नव्हे.

हे हुकूमशाहीचं भाकीत होतं का?

असं अनेकदा म्हटलं जातं. काफ्का ज्यू होता. ३ जून १९२४ रोजी क्षयानं व्हिएन्नाजवळच्या कीर्लिंग इथे वारला, तेव्हा तो चाळिशीत होता. पुढे त्याच्या तिन्ही बहिणी नाझींच्या वंशसंहारात मारल्या गेल्या. आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेले इटालियन लेखक प्रीमो लेवी यांनी ‘खटला’चं १९८३ साली इटालियन भाषांतर केलं, आणि ते काम त्यांना फार जड गेलं. हे सगळं माहीत असताना सकाळी दारात आलेली अनोळखी माणसं वाचली की अंगावर काटा येतो.

तरी भाकीत म्हटलं की पुस्तक लांब जातं, ‘तसली’ राजवट नसेल तर आपला संबंध नाही असं होतं. पुस्तकात के. स्वतःलाच समजावतो की आपण कायद्याच्या राज्यात राहतो, सगळीकडे शांतता आहे, सगळे कायदे जागेवर आहेत. बँक चालू आहे, ट्राम चालू आहे. हा खटला त्या सुरळीत जगाच्या आतच, पोटमाळ्यावर चालतो.

आपली कोर्टं वेगळी कुठे आहेत?

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण काफ्काला कळली असती. पण इथे फरक केला पाहिजे, नाहीतर कादंबरी आणि आपले हक्क दोन्ही धूसर होतील. तारखांवर तारखा पडणं हा एक त्रास. आरोपच न सांगणं ही वेगळी गोष्ट.

आपल्या राज्यघटनेचं कलम २२ सांगतं की अटक केलेल्याला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत, वकिलाशी बोलू दिलं पाहिजे आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलं पाहिजे. हे कलम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ च्या सप्टेंबरात संविधान सभेपुढे मांडलं. आधी मंजूर झालेल्या कलमानं संसदेला वाटेल तशी अटकेची पद्धत ठरवायची मोकळीक दिली आहे, ही खंत त्यामागे होती. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, पुढचं पाऊल टाकलं: कारणं लेखी द्या, आणि अटक झालेल्या माणसाला समजेल त्या भाषेत द्या.

के.च्या खोलीत त्या सकाळी हे एक वाक्य कोणी उच्चारलं असतं तर कादंबरी दुसऱ्या पानावर संपली असती. अर्थात त्याच कलम २२ मध्ये प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच धरून ठेवण्याची, वेगळी वाट आहे आणि तिथे यातली काही संरक्षणं लागू होत नाहीत. पोटमाळा आपल्याही घटनेत आहे, आणि तो कुठे आहे हे नागरिकाला ठाऊक असलं पाहिजे.

लिहिणारा टेबलाच्या कोणत्या बाजूला होता?

काफ्का रांगेत उभा राहून वैतागलेला माणूस नव्हता. तो टेबलामागे बसलेला होता. प्रागमध्ये १८८३ साली जन्म, १९०६ मध्ये कायद्याची डॉक्टरेट, वर्षभर कोर्टात बिनपगारी उमेदवारी, आणि १९०८ ते १९२२ कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी. कोणता कारखाना किती धोक्याचा ते ठरवायचं, त्यावर मालकांची अपिलं आली की उत्तरं लिहायची. लाकूड रंधण्याच्या यंत्राचा चौकोनी दांडा कामगारांची बोटं कापतो, म्हणून गोल दांडा वापरा, हे संस्थेच्या अहवालात त्यानं तुटक्या बोटांच्या हातांच्या आकृत्या देऊन समजावलं होतं. इजा झालेले कामगार संस्थेत येऊन हात जोडतात, खरं तर त्यांनी येऊन मोडतोड करायला हवी, असं तो मित्राला म्हणाल्याची नोंद आहे. आपल्याच दाराशी आपणहून नमणारी माणसं तो रोज बघत होता.

दुसरी सत्ता घरात होती. वडिलांना त्यानं १९१९ मध्ये एक प्रचंड लांब पत्र लिहिलं, जे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यात तो म्हणतो की लहानपणी मी अशा कायद्यांखाली जगत होतो जे फक्त माझ्यासाठीच केलेले होते, आणि ते मला कधी पूर्ण पाळता आले नाहीत. फक्त तुझ्यासाठी असलेलं दार आठवा. ‘खटला’ लिहायला घेतली तीही १९१४ च्या ऑगस्टमध्ये, बर्लिनच्या एका हॉटेलात फेलिस बाउअरशी साखरपुडा मोडल्यानंतर महिन्याभरात. त्या बैठकीला त्यानं डायरीत ‘हॉटेलमधलं कोर्ट’ म्हटलंय. तेव्हाच पहिलं महायुद्ध पेटलं होतं. २ ऑगस्टची त्याची नोंद: जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, दुपारी पोहायला.

१९१५ च्या जानेवारीत त्यानं लिहिणं थांबवलं. कादंबरी अपुरीच राहिली, सुट्या पानांच्या गठ्ठ्यांत. हे सगळं न वाचता जाळ, असं त्यानं मित्र माक्स ब्रोडला लिहून ठेवलं होतं. ब्रोडनं जाळलं नाही, प्रकरणांचा क्रम लावला आणि पुस्तक छापलं. १९३९ मध्ये नाझी प्रागमध्ये शिरत असताना काफ्काचे कागद बॅगेत घालून तो पॅलेस्टाइनला निसटला. मधल्या काही प्रकरणांचा क्रम आजही वादाचा आहे, त्यामुळे वाचताना कुठे सांधा निखळल्यासारखा वाटला तर तो तुमच्या समजुतीचा दोष नाही.

वाचायला घेणार असाल तर

घाबरून जाऊ नका. काफ्कानं पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा सगळे खो-खो हसले, आणि त्यालाही हसू आवरेना, असं ब्रोडनं लिहून ठेवलंय. वाक्यं साधी आहेत, जवळजवळ कार्यालयीन. आधी दारातल्या पहारेकऱ्याची दीड-दोन पानं वाचा, मग पहिलं प्रकरण. प्रत्येक वस्तूमागे प्रतीक शोधू नका. सायकलचा परवाना हा आधी सायकलचा परवाना आहे.

आणि खिडक्यांकडे लक्ष ठेवा. पहिल्या सकाळी समोरच्या खिडकीत फक्त बघत राहणारी म्हातारी होती. शेवटच्या रात्री, खाणीत, के.चं डोकं दगडावर टेकवलेलं असताना जवळच्या घराच्या वरच्या मजल्यावरची एक खिडकी झटकन उघडते. उजेडात कोणीतरी पुढे झुकतं आणि दोन्ही हात बाहेर पसरतं. लांबून नीट दिसत नाही. के. विचार करू लागतो: कोण असेल? ओळखीचं? भलं माणूस? मदत करायला निघालेलं? एकटंच की सगळेच? आणि तोही आपले दोन्ही हात वर करतो, बोटं फाकवून.